गूळ करणाऱ्यानें गूळ विकावयासही शिकलें पाहिजे

(सत्यशोधक समाजाच्या स्थापनादिनीं, ता. २४ सप्टेंबर रोजीं, गांवच्या चावडीपुढें एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण.)



१८७३ सालीं आजच्याच तारखेस जोतीराव फुल्यांनीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या दिवसाची आठवण म्हणून आपण दरसाल येथें जमतों, तसबिरीला हार घालतों, चार भाषणें ऐकतों आणि घरोघर जातों. यंदा मंडळींनीं मला उभें केलें तेव्हां मी म्हणालों, जोतीरावांचें चरित्र मी शाळेंत सांगतोंच; येथें मला गुळाच्या विक्रीविषयीं बोलूं द्या. एकदोघांना तें रुचलें नाहीं. स्थापनादिनीं व्यापाराचें कसलें बोलणें, असें त्यांनीं विचारलें. पण जोतीराव कांहीं नुसती लेखणी चालवून पोट भरीत नव्हते. ते बांधकामाचे मक्ते घेत, स्वतः धंदा करीत, हिशेब ठेवीत. १८८३ सालीं त्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांत अडाणीपणामुळें शेतकरी कसा नागवला जातो तेंच दाखविलें आहे. अक्षरओळख झाली, मुलें कॉलेजांत गेलीं. पण आपल्या मालाचा भाव दुसऱ्यानें सांगावयाचा आणि आपण मान हलवावयाची, हा अडाणीपणा अजून आपल्या घरांतून गेलेला नाहीं. तेव्हां विषय आजच्या दिवसाला सोडून आहे असें मला वाटत नाहीं.

आणि दुसरें कारण म्हणजे दसरा जवळ आला. दसऱ्याच्या आगेमागे आपल्यांतील बहुतेक गुऱ्हाळवाले आडत्याकडून उचल घेतात. एकदां उचल घेतली म्हणजे त्या हंगामाचा सारा गूळ त्याच दुकानीं उतरवावा लागतो. मग कोणी कितीही शहाणपण सांगितलें तरी त्याचा उपयोग नाहीं. जें ठरवावयाचें तें उचलीच्या आधीं ठरलें पाहिजे.

माझ्या लहानपणीं ओढ्याच्या कडेनें गुऱ्हाळांची रांग होती. रात्रीं चुलवाणांचा उजेड मारुतीच्या देवळापर्यंत पडे. आज गुऱ्हाळें हाताच्या बोटांवर मोजावीं इतकीं उरलीं. उसाला निदान कायद्यानें बांधलेला भाव आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठीं केंद्र सरकारनें १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागें ३५५ रुपये ठरविले. तो वेळेवर मिळतो कीं नाहीं हा वेगळा तंटा. पण मागावयाला आंकडा तरी आहे. गुळाला असा कोणताच आधार नाहीं. सौद्यांत निघेल तो भाव. म्हणून गुऱ्हाळवाल्याला विक्रीची विद्या जितकी पाहिजे तितकी कारखान्याला ऊंस घालणाऱ्यालाही नको.

आतां आमच्या आबांसारखे वडील म्हणतात, "मास्तर, गूळ गोड असला म्हणजे आपोआप खपतो. विकण्यांत कसली आली विद्या?" आबा, गूळ खपतो हें खरें. आजवर तुमची एकही ढेप परत आलेली नाहीं. पण खपणें निराळें आणि विकणें निराळें. तुम्ही माल गाडीवर चढवितां, पट्टी येते, तींतून हमाली, तोलाई वजा होते, उचल वजा होते, आणि उरलें तें घेऊन घरीं येतां. तुमचा गूळ कोणीं खाल्ला, त्याला तो कसा लागला, पुढच्या वर्षीं तो पुन्हां मागेल कां, हें तुम्हांला ठाऊक नाहीं. आडत्याला थोडें ठाऊक असतें. गुजरातच्या व्यापाऱ्याला त्याहून अधिक. जो खाणाऱ्याच्या जितका जवळ, त्याच्या हातीं भाव अधिक. मी आडत्याला चोर म्हणत नाहीं. तो पैसा गुंतवितो, धोका पत्करतो, रात्रीं-अपरात्रीं माल उतरवून घेतो. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसविली, व्यापाऱ्यांना सवलती देऊन आणलें, तेव्हां गुळाला मोठी बाजारपेठ मिळाली, आणि त्यामुळें आपल्या आजोबा-पणजोबांच्या गुळाला दूरदूरचीं गिऱ्हाईकें आलीं. पेठ मोडा असें मी सांगावयास उभा नाहीं. पेठेवांचून दुसरा रस्ताच ठाऊक नसणें, एवढेंच मला खुपतें.

तेव्हां पहिला प्रश्न असा: आपला गूळ घेतो कोण? सगळा गूळ एक नव्हे. गुजरातकडे जाणाऱ्याला रंग पिवळा पाहिजे, ढेप कठीण पाहिजे, वखारींत टिकली पाहिजे. मिठाईवाल्याला रंगाची फारशी पर्वा नसते. त्याला पाक नीट झाला पाहिजे. शहरांतल्या बाईला तीस किलोचा रवा काय करावयाचा? तिला किलो-अर्धा किलो पाहिजे, विळीवर सहज चिरतां आला पाहिजे, त्यांत चिपाड आणि माती नको. संक्रांतीला तिळगुळासाठीं चिक्कीचा गूळ मागतात, होळीला पुरणासाठीं मऊ, बाळंतिणीच्या लाडवांसाठीं जुन्या बायका काळसर गूळ मुद्दाम शोधतात. काकवी मागणारे तर शहरांत कितीतरी आहेत, आणि आपल्याकडे ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना तांब्यांतून फुकट जाते. इतकीं निरनिराळीं गिऱ्हाईकें असतां आपण मात्र एकच माल करतों, तो म्हणजे व्यापाऱ्याला पाहिजे तो.

रंगाची गोष्ट थोडी विस्तारानें सांगतों, कारण तीच मूळ आहे. सौद्यांत पिवळ्या गुळाला भाव चढतो, म्हणून काहिलींत हायड्रॉसची पूड पडते. ती किती पडते, हें गुळव्याच्या मुठीवर. कायद्यानें गुळांत गंधकाचा अंश किलोला ७० मिलिग्रॅमच्या वर राहतां कामा नये. मूठ मोजून कांहीं हा हिशेब लागत नाहीं. कोठें कोठें तर काहिलींत साखरेचीं पोतीं ओततात, हेंही तुम्ही ऐकलें आहे. आपले वाडवडील रानभेंडीचा रस घालून मळी काढीत, थोडी चुन्याची निवळी घालीत, आणि रंग येईल तो येई. गंमत अशी कीं आज शहरांतला शिकलेला माणूस तोच काळसर गूळ अधिक पैसे देऊन विकत घेतो, आणि पिवळ्याकडे संशयानें पाहतो. म्हणजे ज्याच्यासाठीं आपण पूड घालतों तो खाणारा नव्हेच. तो मधला पारखी. खाणाऱ्याला थेट देणार असाल तर पूड घालण्याचें कारणच उरत नाहीं.

मात्र एक सांभाळा. उसाला युरिया घातला असेल तर खोक्यावर 'सेंद्रिय' लिहूं नका. 'हायड्रॉस घातलेला नाहीं' हें खरें असेल तर तेवढेंच लिहा. खोटें एकदां उघडकीस आलें कीं तें एका घराचें राहत नाहीं, साऱ्या गांवाचें होतें.

आतां हिशेब. येथें बहुतेक लोक फसतात, आणि मोठ्या उत्साहानें फसतात. कोणी तालुक्याच्या दुकानांत एक किलोचें खोकें ८० रुपयांना पाहतो, घरीं येऊन म्हणतो, आपल्याला ४५ मिळतात, म्हणजे ३५ रुपये मधल्यानें खाल्ले! असें नाहीं. फळ्यावर लिहितों तें पाहा. आंकडे मी समजुतीसाठीं घेतले आहेत, तुम्ही आपापले घाला. हमाली-तोलाई जाऊन सौद्यांत किलोला ४५ रुपये हातीं पडले असें धरा. तोच गूळ खोक्यांत भरून दुकानदारामार्फत ८० ला विकला. खोकें आणि लेबल ६ रुपये. वजन करून भरण्याची मजुरी ३. वाहतूक ४. दुकानदार विसांत चार धरतो, म्हणजे १६. भिजलेला, फुटलेला, परत आलेला माल किलोमागें ३. बेरीज ३२. हातीं आले ४८. सौद्यापेक्षां तीन रुपये अधिक! आणि दुकानदार पैसे दोन महिन्यांनीं देणार. त्या तीन रुपयांसाठीं इतका खटाटोप केला तर दुसऱ्या वर्षीं कोणीही पुढें येणार नाहीं, आणि 'आपल्या लोकांना धंदा जमत नाहीं' म्हणावयास टपलेले आहेतच.

आतां दुसऱ्या बाजूला लिहा. तेंच खोकें दुकानदारावांचून थेट घरीं पोंचविलें. खोकें ६, मजुरी ३, खराबी ३, आणि पोंचविण्याचा खर्च दुप्पट, म्हणजे ८ धरला. बेरीज २०. हातीं आले ६०. किलोमागें पंधरा रुपये अधिक, आणि पैसे रोख. दहा क्विंटल असे गेले तर पंधरा हजार. हें कांहीं घबाड नव्हे. पण एका मुलीच्या कॉलेजचा खर्च त्यांतून निघतो. यावरून काय दिसतें? खोकें चकचकीत केल्यानें पैसा येत नाहीं. गिऱ्हाईक आपल्या ओळखीचें असल्यानें येतो.

आणि मजुरीचे तीन रुपये मी मुद्दाम लिहिले. घरची बाई बसून भरते, म्हणून तिचे पैसे धरावयाचे नाहींत, ही चाल आपण सोडूं या. ते तीन रुपये तिच्या हातांत पडले पाहिजेत. न पडले तर तो नफा नव्हे, तो तिचा घाम आहे.

ओळखीचें गिऱ्हाईक आणावयाचें कोठून? बाहेर पाहण्याची गरजच नाहीं. आपल्या प्रत्येक घरांतला एक तरी पोरगा नाहींतर पोरगी पुणें, पिंपरी, ठाणें, मुंबईकडे आहे. तीं ज्या इमारतींत राहतात तेथें पन्नास-शंभर बिऱ्हाडें असतात. आपल्या भाच्याला, जांवयाला एक निरोप पाठवा: संक्रांतीच्या आधीं किती किलो पाहिजे तें विचारून यादी कर. व्हॉट्सॲपवर गुऱ्हाळाचें चित्र पाठवा. पोरें दिवसभर तेवढाच उद्योग करतात, एकदां घरच्या कामाला लागूं द्या. यादी आली, निम्मे पैसे मोबाईलवर आले, कीं मग काहील चढवा. आपण आजवर आधीं गूळ करतों आणि मग गिऱ्हाईक शोधतों. हा क्रम उलटा झाला पाहिजे. शिवाय टेंपो एकच जाईल आणि एका इमारतीखालीं शंभर किलो उतरेल, तरच पोंचविण्याचा खर्च आठ रुपयांत बसेल. एकेक खोकें टपालानें धाडूं लागलां तर गूळ स्वस्त आणि टपाल महाग होईल.

हंगामाचेंही भान पाहिजे. संक्रांत, होळी, गुढीपाडवा हे तीन हप्ते धरा. मृगाच्या आंत घरांत खोकें उरतां कामा नये. पावसाळी हवेंत गूळ पाझरतो आणि सारा नफा फरशीवर वाहून जातो. भाद्रपदांत गणपतीच्या मोदकांना मागणी असते खरी, पण तोंवर माल कोरडा राखावयाची जागा आज आपल्यापाशीं नाहीं. ती लालूच पहिल्या सालीं नको.

दिवाळीच्या पाडव्याला सौद्यांचा मुहूर्त होतो. पहिल्या रव्याला चढा भाव निघतो, वर्तमानपत्रांत छापून येतो, आणि आपण तो आंकडा धरून मनांत मांडे खातों. मुहूर्ताचा भाव हा प्रसादासारखा आहे. चिमूटभर वाटावयाचा, पोटभर खावयाचा नव्हे. चरक सुरू करतांना घरोघर पूजा, दक्षिणा, जेवणावळ होते, तिच्याविषयीं मी अधिक बोलत नाहीं. एवढेंच पाहा कीं तेवढ्या पैशांत चांगला वजनकाटा येतो, आणि ज्या घरीं पूजा चुकत नाहीं त्याच घरीं काटा नसतो.

आतां नांवाची गोष्ट. २०१४ सालीं कोल्हापुरी गुळाला भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली. ती कोल्हापूरच्या बाजार समितीच्या नांवें आहे. याचा अर्थ, हें नांव सरकारदप्तरीं या मुलखाचें झालें. पण नोंद झाली म्हणून दुसरीकडचा गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जावयाचा थांबला नाहीं. आपल्या नांवाची नोंद आपण वापरीतच नाहीं, तर ती राखणार कोण? उत्पादकानें अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घेतां येते. अर्ज भरावयास मी बसेन. चपलांचेंही असेंच. कोल्हापुरी चपलेची नोंद २०१८ सालीं झाली, महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतील चर्मोद्योग महामंडळांच्या नांवें. २०२५ च्या जून महिन्यांत इटलींतील मिलान शहरीं प्राडा नांवाच्या बड्या कंपनीनें तशाच धाटणीच्या चपला मांडल्या आणि कोल्हापूरचें नांवही घेतलें नाहीं. चहूंकडून बोभाटा झाला तेव्हां भारतीय कारागिरीवरून ती कल्पना घेतल्याचें कंपनीनें मान्य केलें. आपल्या चर्मकार बंधूंच्या हातचें काम जगाच्या दुसऱ्या टोकाला श्रीमंतांना भुरळ घालतें, आणि ज्याचे हात तो येथें जोडामागें किती मजुरी घेतो, हें त्यालाच विचारा. नांवाला किंमत असते, आणि ज्याला ती मोजतां येते त्याला ती मिळते.

खोक्यावर काय लिहावें? देवाचें चित्र नसलें तरी चालेल. करणाऱ्याचें नांव आणि पत्ता, निव्वळ वजन, कोणत्या महिन्यांत केला, किंमत, तक्रारीसाठीं फोन नंबर, आणि अन्न खात्याकडील नोंदीचा चौदा आंकडी नंबर, एवढें कायद्यानें लागतें. छोट्या धंद्याला नुसती नोंदणी पुरते, मोठ्या परवान्याची गरज नाहीं. १८ जुलै २०२२ पासून लेबल लावून बांधलेल्या लहान वजनाच्या गुळावर जीएसटी आला आहे. आपल्या एवढ्याशा उलाढालीला तो कोठें लागतो आणि कोठें नाहीं, तें हिशेबाच्या जाणकाराला आधींच विचारून घेऊं, मागाहून नोटीस आल्यावर नव्हे. गूळ कसा सुधारावा, ऊंस कोणता लावावा, हें विचारावयास कोल्हापुरांत ऊंस व गूळ संशोधन केंद्र आहे. आपल्या दारांतलें आहे, पण आपल्यांतले कितीजण तेथें पाय ठेवून आले आहेत?

आतां जें सांगणार तें कोणाला लागेल, पण आजच्या दिवशीं न सांगावें तर केव्हां सांगावें? १९२० च्या सुमारास कोल्हापुरांत गंगाराम कांबळे यांनीं चहाचें दुकान काढलें. ज्या जातीला लोक अस्पृश्य मानीत तींतला माणूस. त्याच्या हातचा चहा घेणार कोण? शाहू महाराज स्वतः त्याच्या दुकानापुढें थांबत, त्याचा चहा पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. छत्रपतींनीं भर रस्त्यांत पेला ओठाला लावला, त्यानंतर बाकीच्यांना नाक मुरडणें कठीण झालें. व्यापाराच्या दृष्टीनें पाहिलें तरी यापेक्षां मोठी जाहिरात नाहीं. माल उत्तम होताच. लोकांच्या मनांतली अढी हीच आडकाठी होती, आणि ती चारचौघांसमक्ष काढावी लागली.

आपल्या गांवांत खोकीं भरावयाला ज्या बाया बसतील त्यांत वरच्या आळीच्या असतील, खालच्या वस्तीच्याही असतील. संक्रांतीला वेताच्या नाहींतर बांबूच्या लहान परड्यांतून गूळ द्यावा अशी माझी सूचना आहे. त्या परड्या आपल्या बुरुडाकडूनच घ्यावयाच्या, बाहेरून नाहीं, आणि त्याचा भाव त्याच्याशीं बोलून ठरवावयाचा. एकाच काट्यावर, एकाच पडवींत, सगळ्यांनीं मिळून भरावें. हें ज्यांना चालत नसेल त्यांनीं आपलें आपण विकावें; त्यांचा हिशेब मी लिहिणार नाहीं. एकाच भावकीचा धंदा उभा करावयाला मी या चावडीपुढें उभा राहिलों नाहीं.

माझें म्हणणें थोडक्यांत इतकेंच आहे कीं, प्रत्येक गुऱ्हाळवाल्यानें दहा आदणांपैकीं एक आदण बाजूला ठेवावें. नऊ खुशाल पेठेंत जाऊं द्या. घर त्यांवर चालेल, आडत्याशीं संबंधही तुटणार नाहीं. दहावें बुडालें तरी कोणाची चूल विझणार नाहीं. सारा गूळ एकदम आपण विकूं असें कोणी सांगेल तर त्याचें ऐकूं नका. संक्रांतीपर्यंत थांबावयाला ज्याच्या घरांत पैसा नाहीं त्यानें सारा माल अडकवून ठेवणें म्हणजे सावकाराला आवतण देणें. दहाव्या भागाची एकच वही. कोणाचा किती गूळ आला, कोणत्या इमारतींत किती गेला, पैसे किती आले, कोणी काय तक्रार केली. तक्रारीचा रकाना सगळ्यांत रुंद ठेवूं. ती वही बचत गटाच्या बायांकडे राहील, कारण गांवांत बिनचूक वह्या त्यांच्याच आहेत. पुरुषांच्या सोसायटीची वही कशी असते तें येथें बसलेल्यांना मी सांगावयास नको.

रविवारीं सकाळीं नऊ वाजतां शाळेच्या पडवींत जमूं. गेल्या हंगामाच्या पट्ट्या घेऊन या. फाटक्या असल्या तरी चालतील. पुण्या-मुंबईकडच्या आपल्या माणसांचे फोन नंबर लिहून आणा. ज्यांनीं उचल आधींच घेतली असेल त्यांनींही संकोच न धरतां यावें. ज्या कागदावर सही केली तो बरोबर आणावा; दहावा भाग मोकळा ठेवतां येतो कीं नाहीं, तो वाचून पाहूं आणि येत असेल तर आडत्याकडे जाऊन समोरासमोर बोलूं. दोघे-तिघे बरोबर चला, एकट्यानें जाऊं नका.